भाऊंना सातवा

"पोट पुढं करा, भाऊ. लाजू नका, आपलीच माणसं हायत."

असं म्हणत आमच्या सिस्टर माझ्या शर्टावरून ओढणीनं उशी बांधायला घ्यायच्या. खरं तर उशीची गरज नव्हती. चाळिशी ओलांडलेला, दिवसभर स्टुलावर बसून गोळ्या मोजणारा माणूस मी. पोट माझं मला पुरेसं होतं. पण सिस्टरांचं मत वेगळं. "तुमचं हाय ते चौथ्याचं. आज आपल्याला सातवा पायजे."

मी कर्जत तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीवर बसतो. साताऱ्याकडून बदली होऊन आलो, तेव्हा 'हाय' आणि 'नाय' ऐकायची कानाला सवय नव्हती. ती सिस्टरांनी लावली. त्या खालापूरकडच्या. बुटक्या, रुंद, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आधी चपलांचा आवाज यायचा, मग हसण्याचा, मग त्या. अशी एखादी सिस्टर तुम्हीही कुठं तरी पाहिली असेल. पाहिली असेल तर तिच्या हाताखाली गरोदर राहिला नाहीत, एवढंच तुमचं नशीब.

मी रुजू झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी गरोदर बायांची तपासणी. कडावकडच्या शेतकरी घरांतल्या सुना, डोंगराखालच्या वाड्यांवरच्या पोरी, शेलू-नेरळच्या नव्या इमारतींतल्या नोकरदार मुली, सगळ्या एका हॉलमध्ये सतरंजीवर. त्यात पहिलटकरणी ओळखू यायच्या. त्यांची मान खाली असायची आणि त्यांच्या वतीनं सासू बोलायची.

"मळमळतंय का गं?"

"नाय, तिला काय नाय होत," सासू.

"झोप लागते?"

"लागते की," पुन्हा सासू.

"अवो मावशी, बाळ तुमच्या पोटात हाय का तिच्या?"

सासू गप्प व्हायची. पण सूनही गप्पच राहायची.

त्या मंगळवारी सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या. "भाऊ, पाच मिनटं या जरा." मला वाटलं, वरचं खोकं उतरवायचं असेल. हॉलमध्ये नेऊन त्यांनी मला तीसेक बायांसमोर टेबलावर आडवं केलं आणि उशी बांधली.

"हे आपले नवीन भाऊ. भाऊंना सातवा लागलाय. पयलीच खेप हाय, बिचारे घाबरलेत. आता भाऊंना उठायचंय. उठा, भाऊ."

मी रोज उठतो तसा, जोर लावून सरळ उठलो.

"आई गं! गेली भाऊंची कंबर!"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. सिस्टरांनी मला पुन्हा झोपवलं. "आधी कुशीवर वळा. डाव्या. आता हात टेका. पाय खाली सोडा. घटकाभर बसा. एकदम उठलं की चक्कर येते ना?" मला खरंच येत होती. शरमेनं.

"भाऊंना अजून काय काय होत असंल?" सिस्टरांनी हॉलला विचारलं.

सगळ्यांच्या नजरा सतरंजीकडं. मग भिंतीकडून एक बारीक आवाज आला, "भाऊंच्या छातीत जळजळत असंल."

"बरोब्बर! कवा?"

"जेवून आडवं झालं की."

"मग का होता ओ आडवे, भाऊ?" सिस्टर माझ्यावर डाफरल्या. "थोडं थोडं खावा. तिखट, तळलेलं कमी करा. जेवून जरा बसा, आणि निजताना डोक्याखाली दोन उशा घ्या."

मी मान डोलावली. भिंतीकडच्या मुलीनंही डोलावली.

तेव्हा मला ती युक्ती कळली. स्वतःचं दुखणं सांगायला या पोरींची जीभ रेटत नव्हती. भाऊंचं सांगायला काय जातंय? दोन-तीन मंगळवारांत माझ्यावर दुखण्यांचा पाऊस पडू लागला. भाऊंच्या पोटरीत गोळा येतो. सिस्टरांनी सगळ्यांदेखत माझा पाय धरून टाच पुढं ताणली आणि बोटं माझ्याकडं वाकवली; गोळा नव्हता तो आला. भाऊंना चार दिवस झाले, साफ होत नाही. भाऊंना लोखंडाच्या गोळ्यांनी काळी होते. त्या गोळ्या मीच खिडकीतून देत होतो, आणि माझ्यासमोरच त्यांची अशी चौकशी चाललेली.

"होऊ दे काळी! लोखंड खाऊन पिवळी कशी व्हईल? गोळी सोडायची नाय. चहावर घ्यायची नाय. पाणी भरपूर प्या, पालेभाजी खावा. कळलं ना, भाऊ?"

एकदा दोघी जणी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. शेवटी एकीनं धीर केला. "सिस्टर, भाऊंना शिंक आली ना, की..."

"की काय?"

"की थोडं... होतं."

सिस्टरांनी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. "होतं ना, भाऊ?"

साठ डोळे माझ्यावर. त्यांतल्या निम्म्या डोळ्यांत नुसतं हसू नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

"होतं," मी म्हणालो.

अहो, त्या खोलीत जो सुस्कारा सुटला, तसा मी आजवर कुठल्या औषधानं सोडवलेला नाही.

शेलूची एक मुलगी होती, मुंबईच्या ऑफिसात जाणारी. तिच्या मोबाइलनं तिला सांगितलं होतं की बाळ आता आंब्याएवढं झालंय. "पायरी का हापूस?" सिस्टरांनी विचारलं. त्याच मोबाइलला तिनं कंबरदुखीबद्दल विचारलं, तर त्यानं तीन भयंकर रोग सांगितले होते. पोरगी दोन दिवस झोपली नव्हती. "मोबाइलला पोट हाय का? मग त्याला काय इचारतेस?" असं म्हणून सिस्टरांनी तिच्या टाचांच्या सँडल काढायला लावल्या, कुशीवर निजून गुडघ्यांत उशी कशी घ्यायची ते माझ्यावर दाखवलं, आणि मग आपला नेहमीचा प्रश्न हॉलला टाकला.

"कंबर दुखते. कुरकुर का बोंब?"

"कुरकुर!"

अंग कुरकुरतंय तोवर घरी उपाय करायचा. बोंब मारायला लागलं की त्याच क्षणी दवाखाना. सिस्टरांचं सगळं शास्त्र या दोन शब्दांत होतं.

"संध्याकाळी पाय सुजले?"

"कुरकुर!"

"सकाळी उठल्यावर तोंड, हात सुजले?"

"बोंब!"

"अंगावरून रक्त गेलं? बाळ हलायचं कमी झालं?"

"बोंब! बोंब!"

पहिल्यांदा हा गजर झाला तेव्हा आमचे डॉक्टर स्टेथोस्कोप सावरत धावत आले होते.

आता माझं काय झालं ते ऐका. बातमी बाजारात गेली. कडावच्या भाजीवालीनं पिशवी माझ्या हातात न देता रिक्षापर्यंत आणून दिली, "जड उचलू नका, भाऊ." एका हळदीला एक आजी स्वतःची खुर्ची सोडून उठल्या. आमच्या हिला शेजारणीनं विचारलं, "डोहाळजेवण कवा?" ही आठवडाभर हसत होती. मी भडकलो. मंगळवारी सकाळीच सिस्टरांना गाठलं.

"आजपासून मी येणार नाही. प्लास्टिकचा पुतळा मागवा."

"पुतळ्याशी कोण बोलंल, भाऊ?"

"मी सरकारी नोकर आहे."

"मग मी काय सर्कशीत हाय?" त्या म्हणाल्या. मग जरा नरमल्या. "आजचा दिस चला. पुढच्या मंगळवारी नका येऊ."

मी चेहरा पाडून गेलो. त्या दिवशी दाराशी मंजी नावाची एक वाडीवरची पोर बसली होती. आठवा लागलेला. तिची तपासणीची पाळी खरं तर पुढच्या आठवड्यात होती. जावेच्या बाळाला सुई टोचायची म्हणून ती सोबत आलेली, जावेची पिशवी मांडीवर घेऊन. तिचा आवाज आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता.

सगळं आटोपलं होतं. मी ओढणीची गाठ सोडत होतो. सिस्टरांनी सवयीनं विचारलं, "भाऊंना अजून काय?"

"भाऊंच्या बांगड्या निघत नाय," दाराकडून आवाज आला.

हॉलभर हशा फुटला. मीही हसलो. माझे दोन्ही हात वर करून दाखवले, कुठं आहेत बांगड्या म्हणून. सिस्टरही हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्या माझ्या हातांकडं पाहतच नव्हत्या.

"अजून काय होतं गं भाऊंना?" इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"डोकं लय दुखतं. दोन दिस. अन डोल्याफुडं काजवे येतात."

"उन्हातून चालत आली ना, म्हणून," जाऊ म्हणाली.

सिस्टर बायांमधून वाट काढत गेल्या आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. पदराखालचा हात बाहेर काढला. काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. त्यांनी अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. मग मंजीला धरून आत नेलं, रक्तदाब घेतला आणि तो आकडा मोठ्यानं न सांगता यंत्रच डॉक्टरांपुढं धरलं. पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. डाव्या कुशीवर झोपवलं, सुई दिली, गाडी मागवली. नवरा कुठल्याशा फार्महाऊसवर माळीकामाला. त्याला निरोप धाडला. मोठ्या दवाखान्यात न्यायला सिस्टर स्वतः गाडीत चढल्या, नुसत्या पायातल्या चपलांनिशी. त्यांची पर्स टेबलावरच राहिली, म्हणून मी ती घेऊन फाटकापर्यंत पळालो. गाडी निघून गेली होती. हातात बाईमाणसाची पर्स, पोटावर उशी, असा मी रस्त्यात उभा होतो, आणि त्या दिवशी मला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपलांचा आवाज आला, पण हसण्याचा नाही. सिस्टर खिडकीशी उभ्या राहिल्या.

"रातीच सिझर केलं. मुलगी झाली. एवढीशी हाय." त्यांनी तळहात आणि मनगट दाखवलं. "काचेच्या पेटीत ठेवलीय. पण रडली. आईपण बरी हाय."

मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"मागल्या तपासणीला मीच इचारलेलं तिला, काय होतंय का म्हणून. 'नाय' म्हणाली. मीपण 'नाय' लिवलं अन फुडली बोलवली." त्यांनी चष्मा पुसला. "एवढी बडबड करते मी, भाऊ. अन ऐकायचं ते राहून गेलं असतं."

मी त्यांची पर्स पुढं केली. ती काखेत मारून त्या म्हणाल्या, "शुद्धीवर आल्यावर पयलं काय इचारलं म्हाइत हाय? 'भाऊ बरे हायत का?'"

हे खरं होतं की मला पुन्हा टेबलावर चढवण्यासाठी सिस्टरांनी रचलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही. पुढच्या मंगळवारी मी स्वतःच उशी घेऊन हजर झालो.

नंतर कधी तरी चहा पिताना मी विचारलं, ही कल्पना सुचली कुठून?

"माझ्या पयल्या खेपेला," त्या म्हणाल्या. "सासर कडक. कुणाला सांगायची सोय नाय. मग गोठ्यात जायची अन म्हशीला सांगायची. पाय दुखतात, भ्या वाटतं, आईकडं जावंसं वाटतं. सगळं."

"मग?"

"मग काय! म्हैस ऐकायची. तेवढ्यानं निम्मं दुखणं जायचं."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे मी म्हशीच्या जागी?"

"छ्या!" सिस्टर म्हणाल्या. "ती दूध द्यायची."

मंजी पोरीला घेऊन लसीला आली तेव्हा पोर चांगली गुटगुटीत झाली होती. मला बघून तिनं असा टाहो फोडला की सिस्टर खूष झाल्या. "आवाज बघा! हिला नाय कुणी भाऊ लागायचा."

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ असा रीतसर समारंभ झाला. डॉक्टरांचं भाषण त्यांनी तीनदा तोडलं. नव्या सिस्टर चांगल्या आहेत. त्यांना पडद्यावर चित्रं दाखवता येतात. समारंभाच्या दिवशी दुपारी मी आमच्या सिस्टरांना मिनीडोर रिक्षापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा भरत आली होती. मागच्या बाकावर हातावरची मेंदी पुसट झालेली एक नवी नवरी तोंडाला पदर लावून बसली होती, शेजारी तिचा नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून.

सिस्टरांनी तिच्याकडं एकदा पाहिलं. "सरक रं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. तो सरकला, तसं त्याच्या मांडीवर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ ठेवलं, वर नारळ ठेवला, आणि "धर नीट, फुटंल" म्हणून दम दिला. पोरीला वाऱ्याच्या बाजूला बसवलं आणि स्वतः दोघांच्या मध्ये बसल्या. मला निरोपाचं काही बोलायचं होतं, पण तोवर त्यांनी आपला कान त्या पोरीकडं केला होता.

रिक्षा निघाली. नाक्यापर्यंत मला दिसत होतं. पोरीनं तोंडावरचा पदर काढला होता आणि हातवारे करून काहीतरी सांगत होती. नवरा घड्याळ छातीशी धरून वाकून ऐकत होता. ड्रायव्हरनंही मान मागं वळवली होती. 'म्होरं बघ रं!' असं सिस्टर त्याच्यावर ओरडल्या असणार. पण रिक्षा तोवर वळली होती.