कुसुममावशींची शाल

कुसुम भिंगारदिवे यांना मूल झालं नाही, आणि चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी ही गोष्ट त्यांना कधी विसरू दिली नाही. लग्न होऊन नगरहून पुण्यात आल्या, नवरा सीताराम लवकर गेला, मग वीस वर्षं एका प्रसूतिगृहात आयाचं काम. खराडीत उसाच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी दोन खोल्यांत पाळणाघर काढलं. सकाळी साडेसातला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या आया यायच्या, तान्ही पोरं मावशींच्या हाती द्यायच्या आणि कंपनीच्या बसकडे धावायच्या. मावशी कोणाला नावं ठेवत नसत. त्या कामाला मंडळीत पुष्कळ लोक मोकळे होते.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये ख्रिस्तजन्माची नाटिका व्हायची. रीत अशी, की मंडळीत जिचं मूल सगळ्यात लहान, तिने मरीया व्हायचं आणि तिचंच मूल बाळ येशू. मुलगी असली तरी चालायचं; तेवढी सुधारणा झाली होती. पडद्यामागे मूल सांभाळणं मात्र मावशींकडे. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पोरं बाळंत्यात गुंडाळून मरीयेच्या मांडीवर ठेवली. आपणही एकदा त्या गव्हाणीपाशी बसावं, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती. ती सीतारामलासुद्धा सांगितली नव्हती.

२००६ साली मरीया झाली सोनाली केदारी. ती सॉफ्टवेअर कंपनीत होती. शमुवेल तीन महिन्यांचा असताना तिची रजा संपली, तेव्हापासून तो मावशींच्याच पाळणाघरात वाढत होता. आता सहा महिन्यांचा झाला होता.

मावशींनी त्याला आईच्या मांडीवर ठेवलं, पडदा उघडला आणि पोराने टाहो फोडला. सोनालीने थोपटलं, जोजवलं, छातीशी धरलं. तो अंग ताठ करून विंगेकडे, मावशींकडे हात पसरत होता. महिला मंडळाच्या शालनबाईंना हळू बोलणं कधी जमलं नाही. त्या म्हणाल्या, "आईच ओळखीची नाही, लेकरू तरी काय करणार?"

सोनालीने मान खाली घातली.

पाळकसाहेब घाईघाईने विंगेत आले. "कुसुमबाई, तुम्हीच बसा तिथं. तुमच्याकडे गप्प राहतो. कार्यक्रम पुढे सरकायला हवा."

एकतीस वर्षांनी बोलावणं आलं होतं. मावशी दोन पावलं पुढे गेल्यासुद्धा. मग त्यांना सोनालीचा चेहरा दिसला. असा चेहरा त्यांनी प्रसूतिगृहात पाहिला होता, मूल दगावलेल्या बायांचा. इथे तर मूल जिवंत होतं, मांडीवर होतं. मावशी तिथेच थांबल्या. देवाने गोठा चालवून घेतला, गव्हाण चालवून घेतली. आईशिवाय मात्र त्याचंही चाललं नाही. आणि या पोरीची जागा मी घेऊ?

त्यांनी अंगावरची शाल काढली. दिवसभर पोरं अंगावर घेऊन खोबरेल आणि दुधाचा वास मुरलेली, विटकी शाल. ती सोनालीच्या डाव्या खांद्यावर टाकली, वरून मरीयेचा निळा पदर सारखा केला.

"घाबरू नकोस. या खांद्यावर घे त्याला, वास ओळखीचा लागेल. आणि काहीतरी गुणगुण, काहीही."

मग आपल्याला पाहून मूल पुन्हा हात पसरेल म्हणून त्या थेट चर्चबाहेर जाऊन पायरीवर बसल्या. डिसेंबरचा वारा झोंबत होता. आतलं रडणं हळूहळू बारीक होत थांबलं आणि पेटीवर नाताळचं गाणं सुरू झालं.

सोनाली शाल परत द्यायला आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. जमली तर आठ दिवस रजा काढ आणि ही पांघरूनच त्याला घे. धुऊ मात्र नकोस."

"तुम्हाला थंडी वाजेल, मावशी."

"पुण्याची थंडी ती कसली!"

नव्या वर्षातल्या पहिल्या सोमवारी, रजा संपवून, साडेसातला सोनाली दारात आली. शमुवेलला पुढे केलं, तर त्याने तिच्या ओळखपत्राची पट्टी मुठीत घट्ट धरली आणि गळा काढला. तीन महिन्यांत आईकडून मावशींकडे येताना तो एकदाही रडला नव्हता.

सोनाली घाबरली. "मावशी, काय झालं याला?"

"काही नाही गं. आई चाललीय, म्हणून रडतोय."

सोनाली फाटकापर्यंत जाताना तीनदा मागे वळली. मावशींनी शमुवेलला खांद्यावर घेतलं, पण त्या खांद्यावर आज तो काही केल्या गप्प होईना. मावशींनी देवाचे आभार मानले. मग बघायला कोणी नव्हतं, म्हणून त्याही त्याच्याबरोबर रडल्या.