कुंडीत उतरण्यासाठी मजूर : दोन

अन्याय झाला तो माझ्यावर आणि माझ्या बापावर. कधी झाला तेही सांगतो. राज्य बदललं, आमचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जायला लागले, त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. पौषातला सोमवार. सकाळचे साडेदहा. जागा, बुऱ्हाणपुरातल्या आमच्या कॉलेजची भौतिकशास्त्राची खोली.

मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो. बी.एस्सी., पण तात्पुरता. विभागप्रमुखांनी, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो, टाइप केलेला अर्ज माझ्यासमोर टाकला.

"स्पेलिंग बघून घे. दुपारच्या टपालाने जायचाय."

संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज. नव्या राज्यातली सगळी कॉलेजं अर्ज करणार, त्यातल्या मोजक्यांना मिळणार. तीन महिने तो मी लिहीत होतो. उद्देश माझा, पद्धत माझी, मोजमापांचा तक्ता माझा. पहिल्या पानावर सरांचं नाव, खाली त्यांच्या पदव्या. सहसंशोधक म्हणून सरांच्या भाच्याचं नाव. तो माझ्याच वर्षाचा. एकदा मापं घ्यायच्या वेळी कुंड्यांजवळच्या शेतापर्यंत आला होता, बूट चिखलात गेले म्हणून परत गेला.

मी पानं उलटत गेलो. कुठेतरी माझं नाव असेल असं वाटत होतं. शेवटून दुसऱ्या पानावर माणसांचा रकाना होता. तिथे लिहिलं होतं, "कुंडीत उतरण्यासाठी मजूर : दोन."

"सर, एक मजूर म्हणजे माझे वडील. दुसरा कोण?"

"तूच की. एक खाली, एक वर दोर धरायला. तुम्हा बेलदारांना सवय असते."

भाचा चहा पीत होता. म्हणाला, "सर, दोन कशाला? हा एकटाच खाली जाईल, अन् तिथून वर इंग्रजीत ओरडेल."

दोघं हसले. वाईट मनाने नाही हसले. हे लिहिताना मला त्याचाच राग जास्त येतो. त्यांना ते सरळ, बरोबर, नेहमीचं वाटत होतं.

मी स्पेलिंग तपासलं. दोन चुका सापडल्या. त्या दुरुस्त करून अर्ज परत दिला. हेही सांगायलाच पाहिजे. त्या दिवशी मी पुढे तोंड उघडलं नाही.

आता कुंडी म्हणजे काय ते सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या जुन्या बोगद्यातून आमच्या शहराकडे येतं. बादशाही काळातलं बांधकाम. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवलेली आहेत, त्या कुंड्या. पाण्यात चुना फार. तो भिंतीला बसतो, थर चढत जातो, वाट अरुंद होते. थर खरवडला नाही तर पाणी कमी होत होत एक दिवस बंद पडेल. माझा बाप नगरपालिकेचा खरवडणारा. कमरेला दोर, हातात छिन्नी अन् हातोडी, गळ्यापर्यंत गार पाणी. त्याचा बापही तेच करायचा.

बापाला अक्षर येत नाही. पण त्याने एक गोष्ट केली होती, कुणी न सांगता. काही कुंड्यांमध्ये तळहाताएवढी जागा तो मुद्दाम खरवडायचा नाही. तिथे थर वाढू द्यायचा. दरसाली सफाईला उतरला की त्या जागेची जाडी सुतळीने मापायचा अन् तेवढ्या अंतरावर गाठ मारायचा. एका कुंडीची एक सुतळी. घरी कोनाड्याजवळच्या खुंटीवर त्या सगळ्या टांगलेल्या. लहानपणी मी त्यांच्याशी खेळायचो अन् मार खायचो. का करायचा हे? कोणती कुंडी आधी तुंबते ते कळावं म्हणून. त्याला पहिली छिन्नी कुठे मारायची ते ठरवायचं असायचं.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं, खुंटीवर काय टांगलंय. मी गाठी फूटपट्टीवर मोजल्या. तक्ता केला. स्वतः अकरा कुंड्यांमध्ये उतरून पाहिलं. बापाचं माप कुठेही दोऱ्याच्या जाडीपेक्षा जास्त चुकलेलं नव्हतं. थर कुठे जास्त चढतो, का चढतो, पाण्याच्या वेगाशी त्याचा काय संबंध, हाच आमच्या अर्जाचा प्रश्न होता.

पहिल्या खर्ड्यात मी बापाचं नाव घातलं होतं. सरांनी तांबड्या पेन्सिलीने खोडलं.

"शास्त्रात माणसाचं नाव येत नाही. निरीक्षण येतं."

मी मान हलवली होती. मला वाटलं, शास्त्राची रीत असेल. पहिल्या पानावरच्या त्यांच्या पदव्या तेव्हा मी पाहिल्या नव्हत्या.

माघात भोपाळहून एक साहेब जागा पाहायला आले. अर्ज शेवटच्या निवडीत आला होता. सर, भाचा, साहेब, नगरपालिकेचे ओव्हरसियर, अन् दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलेला माझा बाप. मी सामान घेऊन मागे. अर्जात लिहिलं होतं, सर्वांत जाड थर सातव्या कुंडीत आहे. सरांनी शहराच्या बाजूने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सातव्या तोंडाशी थांबले अन् हात करून म्हणाले, "हीच ती."

ती नव्हती. आम्ही डोंगराकडून मोजतो. पाणी जिथे जन्मतं तिथे पहिली. कोणत्या टोकाकडून, ते मी अर्जात लिहिलंच नव्हतं. चूक माझी. आमच्या घरात कुणी ते विचारत नाही. पाण्याच्या उलट मोजणारा माणूस आम्ही कधी पाहिलेला नव्हता.

मी गप्प बसलो. या वेळी मुद्दाम.

"उतर," सर मला म्हणाले. "साहेबांना थराचा तुकडा पाहिजे."

"अर्जात नाव लिहा, मग उतरतो."

एवढंच बोललो. आवाजही चढला नव्हता. साहेब सरांकडे बघायला लागले. भाचा म्हणाला, "याचं डोकं फिरलंय." सरांनी बापाकडे मान वळवली. 

"म्हातारबा, तुम्ही चला."

बापाने धोतर खोचलं. कमरेला दोर बांधला. मी म्हणालो, "बाबा, नको."

"धर," बाप म्हणाला.

दुसरं कुणी दोर धरणार नव्हतं. धरता येतही नव्हतं कुणाला. मी धरला. नुकताच नाही म्हणालो होतो, अन् आता माझ्याच हातांनी मी माझ्या बापाला खाली सोडलं. हात हात दोर सोडत गेलो. खालून पाण्याचा आवाज आला अन् मग त्याचा खोकला.

वर आला तेव्हा मुठीत गाळ होता. साहेबांच्या कपाळाला आठी. सर घाईघाईने म्हणाले, "ही माणसं नीट कामच करत नाहीत, साहेब."

मी अर्धी लढाई जिंकली होती. अजून दोन मिनिटं, अन् साहेब गाडीत बसले असते. पण बाप कुडकुडत उभा होता, त्याने हात जोडले.

"साहेब, हे सात नव्हे. आम्ही पान्यासंगं मोजतो. डोंगराकून."

"अच्छा?" साहेब म्हणाले. "तो चलो, वहीं चलो।"

तिथे बाप पुन्हा उतरला. पुन्हा मीच दोर धरला. त्याने थराची खपली आणली, विटेएवढी जाड, पांढरीफटक. साहेबांनी ती रुमालात गुंडाळली. किती वर्षांची, ते बापाला विचारलं. बापाने बोटांवर सांगितलं. साहेबांनी आकडा वहीत उतरवला. मग सरांशी हात मिळवला.

"बहुत बढ़िया काम किया है आपने।"

बाप ओल्या धोतराने बाजूला उभा होता. त्याचं नाव काय, हे त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.

घरी येताना मी त्याच्यावर ओरडलो. "कशाला सांगितलं? बुडू दिलं असतं त्यांना."

"अन् पानी?" बाप म्हणाला. "कोनी तरी शोध लावला पाहिजे ना ह्या चुन्याचा. माझ्या छिन्नीनं किती दिवस पुरनार? तुले नाव पाहिजे का पानी पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे."

"मंग माझ्यावर कायले चिडतो?"

घरी माय चुलीशी बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिने. भाकर थापायची थांबली नाही.

"शिकेल पोरगा वरते उभा राह्यला, अन् म्हातारा खालते गेला. नाही म्हननं यालेच म्हनतात का रे, भाऊ?"

सरांच्या हसण्याने जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. कारण ते खरं होतं. मी नाही म्हणालो तेव्हा मला वाटलं, मी ताठ उभा राहिलो. प्रत्यक्षात झालं एवढंच, की माझ्या कमरेचा दोर बापाच्या कमरेला गेला. एकटा माणूस नाही म्हणतो तेव्हा वरच्यांचं काही अडत नाही. ते मान वळवतात. शेजारी दुसरा उभा असतोच.

होळीच्या आत अनुदान मंजूर झालं. कॉलेजात पेढे वाटले. त्याच आठवड्यात माझी तात्पुरती जागा संपली. सरांनी बोलावून सांगितलं, "तुझ्यात गुण आहेत. वृत्ती सुधार." मी विचारलं, "सर, तक्त्याखाली वडिलांचं नाव घालाल का? अजून वेळ आहे." ते म्हणाले, "तुला शास्त्र कळलंच नाही."

मला कळलंय. माप कुणी घेतलं, कसं घेतलं, कोणत्या टोकाकडून घेतलं, हे सांगितल्याशिवाय माप खरं ठरत नाही, हेच ते शास्त्र. सरांनी माणूस खोडला अन् चुकीच्या कुंडीवर जाऊन उभे राहिले.

मग मी लोधीपुऱ्यात, खरवडणाऱ्यांच्या वस्तीत गेलो. मागवाल्या विणकरांच्या संपात मी पत्रकं लिहिली होती, तेव्हापासून तिथे ओळख. खरवडणारी सगळी घरं तिथे ओट्यावर बसवली. भाषण केलं नाही. मायने मला विचारलं तेच त्यांना विचारलं. पहाटे वाद, संध्याकाळी वाद, तीन दिवस. एकजण म्हणाला, "तुझ्या नावापायी आमची भाकर कायले घालवाची?" मी म्हणालो, माझं नाव सोडा. तुमच्यापैकी कोण कोणत्या कुंडीत किती वर्षं उतरला, ते लिहून मागू. शेवटी ठरलं. शहराच्या पाण्यासाठी सफाईला उतरायचं, एक दिवसही खाडा नाही. संशोधनाच्या मापाला कुणीच उतरायचं नाही. अर्जात, अहवालात, तक्त्याखाली नावं येईपर्यंत नाही. ठरावाच्या कागदावर बापाने सगळ्यांच्या आधी अंगठा लावला.

चैत्रात भाचा मापाचा टेप घेऊन आला. नवा कोरा टेप. कुंडीच्या तोंडाशी तासभर उभा राहिला. खाली वाकून बघितलं. कुणी दोर सोडला नाही. परत गेला.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने बापाला कामावरून बसवलं. हे लिहितो आहे तेव्हा तो ओसरीवर छिन्नीला धार लावतोय. काम नाही, तरी लावतोय.  अंगठा मागे घेतलेला नाही. दुसऱ्या कुणीच घेतलेला नाही.

आता ओव्हरसियर मापाला उतरायला बाहेरून माणसं शोधतोय. खकनारच्या बाजारात विचारणा झाली, डोईफोडियाच्या पाड्यांवर माणूस जाऊन आला. जास्त रोज देऊ म्हणतात. तुमच्यापैकी ज्याच्या दारात तो येईल, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. कुंडीत चुन्याची धार काचेसारखी असते, पाण्याखाली पाय कुठे ठेवायचा ते आमच्या माणसांना तीन पिढ्यांनी शिकवलंय, तुम्हाला कुणी सांगणार नाही. अन् तुम्ही उतरलात की आमचा प्रश्न तिथेच मिटवून टाकतील.

कॉलेजातल्यांनो, अर्ज तुम्ही टाइप करता, तक्ते तुम्ही उतरवता, जावक रजिस्टर तुमच्या हाताखाली असतं. सहामाही अहवाल आषाढाच्या आधी जायचा आहे. खरवडणाऱ्यांची नावं नसलेला कागद टाइप करू नका, त्याच्यावर सही करू नका, टपालात टाकू नका. एकट्याने करू नका, तुम्हालाही बाजूला सारून दुसरा बसवतील. खोलीतले सगळे मिळून करा.

आणि डोईफोडियाच्या भावांनो, वाचता येतं त्याने हे न येणाऱ्याला वाचून दाखवा. ओव्हरसियर आला तर त्याला पाणी पाजा, बसवा. त्याच्या गाडीत चढू नका.