समासातला शेरा

११ डिसेंबर २०२३, सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. मी संगणक खोलीत नववीच्या मुलींचे निबंध तपासत होतो. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका आश्रमशाळेत लेखन शिकवण्याचे काम मी निवृत्तीनंतर पत्करले होते. मुली संगणकावर निबंध लिहीत. मी तो उघडून समासात शेरा देई. शेऱ्यापुढे माझे नाव, तारीख आणि वेळ आपोआप उमटे. काढायला सांगितलेला मजकूर मुलीने काढला, तरी मी मंजुरी देईपर्यंत तो आडवी रेघ मारलेला पडद्यावर दिसत राही. गुरुजीची लाल पेन आता मशीनमंदी गेली, असे मुली आपसांत म्हणत. मला ते ऐकू येई.

मुख्याध्यापकांबरोबर एक माणूस आला आणि चपला काढून दाराशी उभा राहिला. याच वर्गातल्या, मागच्या सोमवारी चंद्रपूरच्या रुग्णालयात वारलेल्या मुलीचा तो बाप. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता; थंडीत त्याच्या कळा वाढतात. तिची पेटी न्यायला तो आला होता. पेटी बाहेर व्हरांड्यात ठेवली होती.

दिवाळीच्या सुटीत आईने तिला बजावले होते की, दुखू लागले तर लपवायचे नाही, शाळेत सांगायचे. आता आई जेवत नाही. पोरीने माझे ऐकले नाही, एवढेच म्हणत बसते. बापाने वसतिगृहाच्या अधीक्षिकेला विचारले, मैत्रिणींना विचारले. मुलगी कोणाजवळ काही बोलली नव्हती. मैत्रिणींनी त्याला इकडे पाठवले. त्याने संगणकाकडे बोट दाखवले.

“या डब्यात तिनं काई लिवून ठेवलं असन तर वाचून दाखवा, गुरुजी. मले वाचता येत नाई.”

तिच्या शेवटच्या निबंधात काय आहे ते मला ठाऊक होते. आठ दिवस मी ती फाईल उघडली नव्हती.

विषय होता ‘हिवाळ्यातील सकाळ’. मी वाचू लागलो. धुके, शेकोटी, खळ्यावरचे धान. बाप मान हलवत होता. तिसऱ्या परिच्छेदावर आडवी रेघ होती. मी तोही वाचला. ‘थंडीत माझे पाय फार दुखतात. रात्री झोप येत नाही. आईने सांगायला सांगितले आहे, पण कोणाला सांगावे ते कळत नाही. घरी जावेसे वाटते.’

मुख्याध्यापक म्हणाले, “सर, पुरे.”

मी समासातला शेरा वाचला. विषयांतर. हा परिच्छेद काढावा. पुढे माझे नाव. २७ नोव्हेंबर, दुपारी तीन वाजून बारा मिनिटे. तीन वाजून वीस मिनिटांनी तिने तो काढला होता. त्यानंतर पाच दिवसांनी तिला चंद्रपूरला नेले.

चाळीस वर्षे मी वह्यांवर लाल शाईने शेरे दिले. त्यांवर वेळ लिहिलेली नसे, आणि वर्षाअखेर वह्या रद्दीत जात.

बाप पडद्याजवळ आला.

“म्हंजे सांगतलं होतं तिनं.”

“हो.”

“तुमाले.”

“मला.”

तिच्या मायले दाखवायला याचा कागद मिळेल का, एवढेच तो म्हणाला. गावात वाचणारे आहेत.

मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतले. शेरे आणि काढलेला मजकूर वगळून छापता येते, असे ते हलक्या आवाजात म्हणाले. नुसता निबंधच नेऊ द्यावा. त्यांच्या बोलण्यात माझी काळजी होती. पण तो परिच्छेद वगळला, तर आईला जे हवे होते तेच कागदावर उरत नव्हते. आणि परिच्छेद ठेवून शेरा काढणे मला मान्य नव्हते. मी सर्व काही छापले. प्रिंटरमध्ये फक्त काळी शाई होती. शेऱ्याखाली मी पेनाने सही केली आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्या हाती दिला. त्याने तो सदऱ्याच्या आत ठेवला, पेटी खांद्यावर घेतली आणि बसच्या थांब्याकडे निघाला. त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

दुपारचे तास मी घेतले नाहीत. वर्गातल्या उरलेल्या सव्वीस मुलींच्या फाईली एकेक करून उघडल्या आणि माझ्या सांगण्यावरून त्यांनी जे जे काढले होते, ते सगळे वाचले. बरेचसे खरोखरच विषयांतर होते. दोन ठिकाणी नव्हते. त्या दोघींची नावे चिठ्ठीवर लिहून, उद्या सकाळी आरोग्य केंद्रात न्यावे असे खाली लिहून, चिठ्ठी मी अधीक्षिकेच्या हातात दिली. परत येऊन मेन स्विच बंद केला आणि खोलीला कुलूप लावले.