‘म्या’चं ‘शी’

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या मैत्रिणीला नाही, आणि आईला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतेय असं म्हणाले असते, पण तेही खरं नाही. सांगायला लागले की मला मध्येच गोष्ट वळवायची सवय आहे. आज वळवायची नाही, एवढंच ठरवून बसलेय.

आम्ही मूळचे आटपाडीकडचे. वडील मी सातवीत असताना गेले. तिकडं पाणी नव्हतं, शेतात काही पिकत नव्हतं, रोजगार नव्हता, म्हणून आई मला घेऊन माधवनगरला आली आणि सूतगिरणीत लागली. एका खोलीत आम्ही दोघी. आई पाळीवरून आली की तिच्या केसांत, भुवयांत रुई. सुरुवातीला मला वाटायचं, आईचे केस पिकलेत. ती रात्रीची पाळी करायची आणि दिवसा मला म्हणायची, "तू नुसतं शीक. बाकीचं माझ्यावर सोड." सोडलं. सगळं तिच्यावर सोडलं मी.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तीही इंग्रजी घेऊन. सांगलीच्या कॉलेजात शहरी पोरी होत्या, घरी इंग्रजी पेपर येणाऱ्या, आणि मी त्यांच्यापेक्षा व्याकरणात पुढं होते. गर्व होता. अजून आहे — खोटं कशाला बोलू? एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालायचं, डायरेक्टचं इनडायरेक्ट, ह्यात तर माझा हात कुणी धरू शकत नव्हतं.

आता हे थोडं समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. मराठीत कुणी काय म्हणालं ते सांगताना आपण त्याचा ‘मी’ तसाच ठेवतो. ‘मी येते असं ती म्हणाली.’ जिनं म्हटलं तिचा ‘मी’ तिच्याकडंच राहतो. इंग्रजी तो काढून घेतं. ‘मी’ची ‘शी’ होते. सांगणारी शी, ऐकणारीही शी, जिच्याविषयी चाललंय तीही शी. मध्ये ‘दॅट’ घाला, ‘अँड’ घाला, वाक्य साखळीसारखं लांबवा. कोणती शी कोण, हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं. बहुतेकदा ओळखता येतं. नाही आलं तर? तर विचारतात.

मी शेवटच्या वर्षाला होते. आईबरोबर शांतामावशी काम करायच्या — सख्खी मावशी नव्हे, पण माझ्या पहिल्या पाळीची खबर आईआधी त्यांना लागलेली, एवढ्या जवळच्या. त्या दिवशी मशीनमध्ये रुई अडकली म्हणून आईनं बाजूचं झाकण काढलं, रुई ओढून काढली आणि झाकण तसंच ठेवून चहाला गेली. मशीन चालू. तेवढ्यात नवी लागलेली सुमन झाडत आली, तिचा हात आत गेला. बोटं गेली.

गिरणीचे साहेब दक्षिणेकडचे, नुकतेच आलेले. मराठी शून्य, हिंदी मोडकी. सुपरवायझरवर त्यांचा भरवसा नव्हता. अपघात त्याच्याच पाळीत झालेला, तो आपली कातडी वाचवणार. तेव्हा आईच पुढं होऊन म्हणाली, "सायब, माझी पोरगी हाय की. इंग्लिस शिकतीया." असं मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले, हेही सांगते. अपघाताच्या चौकशीला मी इस्त्री करून गेले.

केबिनमध्ये चौघंच. साहेब, आई, शांतामावशी आणि मी. साहेब आधीच म्हणाले, जिनं झाकण काढलं ती आज घरी जाईल. हे मी दोघींना मराठीत सांगितलं. आईचा चेहरा उतरला. पण ती मागं सरली नाही. म्हणाली, "सांग सायबास्नी. च्याला चालले हुते, तवा शांता घावली. तिला म्हनलं, म्या झाकान काढलंय, आल्यावर लावते."

म्या. इतकं स्वच्छ. त्या शब्दाला कुठून फाटे फोडणार?

मी फोडले. मी म्हणाले — मराठी अक्षरांत लिहिते, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल — "शी मेट शांता, अँड शी टोल्ड हर दॅट शी हॅड रिमूव्हड द कव्हर." तिला शांता भेटली, आणि तिनं तिला सांगितलं की तिनं झाकण काढलं होतं. व्याकरणात कुठं बोट ठेवाल? एक मार्क कापता येणार नाही.

वर्षानुवर्षं मी स्वतःला इथंच थांबवत आले. मी खोटं बोलले नाही, भाषाच तशी आहे. साहेबांनी चुकीचा अर्थ घेतला, त्याला मी काय करू? किती छान बसतं ना? ह्यावर मी एकदा परिसंवादात बोललेसुद्धा, ‘इंग्रजीतली सर्वनामं आणि संदिग्धता’ म्हणून. टाळ्या पडल्या.

पण साहेबांनी अर्थ घेतला नव्हता. साहेबांनी विचारलं होतं.

त्यांनी शांतामावशींकडं बोट केलं. "शी? शांता?"

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

इथं कुठलं सर्वनाम नव्हतं. नाव होतं. सरळ नाव घेऊन विचारलं त्या माणसानं.

मग साहेब मावशींकडं बघून म्हणाले, "करेक्ट?" मावशींना वाटलं, आईचं बोलणं खरं का, असं विचारतायत. त्या पटापट मान हलवत म्हणाल्या, "येस सर, येस सर. आसंच झालं, बराबर सांगतीया ती." आईला आधार द्यायला म्हणाल्या त्या. आई खरं बोलली, तर तिच्या मागं उभं राहायला.

मी काय करत होते? जमिनीकडं बघत होते. डोक्यात एकच होतं — आईची नोकरी गेली की माझी परीक्षा गेली, परत आटपाडी. दुसरा विचार आलाच नाही, असंही नाही. आला. आला आणि मी तो बाजूला सारला.

संध्याकाळी मावशींना ऑफिसातून निरोप मिळाला, उद्यापासून येऊ नका. त्या तशाच आमच्या खोलीवर आल्या. रडत नव्हत्या, चक्रावलेल्या. "पोरी, सायब काय म्हनला गं? मला कशापायी काढली?"

तेव्हा तरी? केबिन नव्हती, साहेब नव्हता, इंग्रजी नव्हतं. आपलीच भाषा, आपलीच माणसं. मी म्हणाले, "मावशी, झाकण उघडं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी लावलं नाही, म्हणून."

त्या म्हणाल्या, "व्हय की गं. म्या लावाया पायजे हुतं. सुमीची बोटं ऱ्हायली असती." आणि तिथंच, आमच्या उंबऱ्यात बसून, हुंदके द्यायला लागल्या. आपल्या नोकरीसाठी नाही. सुमनच्या बोटांसाठी.

आई म्हणाली, "आन मला कशी न्हाई काढली? काढलं तर म्याच."

"तू खरं बोललीस म्हणून साहेबांनी माफ केलं," मी म्हणाले.

आईचा ह्यावर विश्वास बसला. आजही आहे. आता ती माझ्याजवळ साताऱ्यात असते, आणि माझ्या मुलीला ही गोष्ट सांगते. खरं बोललं की माणूस तरतो, आजीचंच बघ. पोरगी मन लावून ऐकते. मी भाजी चिरत असते, नाहीतर पेपर तपासत. एकदाही हातातलं ठेवून म्हटलेलं नाही — आई, थांब.

शांतामावशींना पुन्हा कुठल्या गिरणीनं घेतलं नाही. तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायच्या, हंगाम असला की. उरलेलं वर्ष मिळेल ते. गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या स्टँडवर दिसल्या. मी ओळख टाळायच्या बेतात होते. त्यांनीच हाक मारली. बरोबरच्या बाईला म्हणाल्या, "वळखलं न्हाईस? मी सांगती न्हाई का, आमच्या गिरणीतली पोरगी प्रोफेसर झाली म्हनून? हीच ती. आगं, येवढीशी हुती, तवा सायबाम्होरं फाडफाड इंग्लिस बोलली. आमच्या दोघींची बाजू मांडली हिनं."

ती बाई म्हणाली, "आन मग तुमाला काढली कशी?"

"माझी चूक हुती, तर पोरगी तरी काय करंल?" मावशी हसल्या. "हिच्या आईची तर ऱ्हायली का न्हाई?"

त्यांची गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली. मावशी खिडकीतून म्हणाल्या, "आईला सांग, शांता इचारत हुती." मी हो म्हणाले, आणि घरी जाऊन तेही सांगितलं नाही.

आई त्याच गिरणीतून निवृत्त झाली. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, साताऱ्यात कॉलेजला कायम झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, पहिली प्राध्यापकही मीच. झाकण माझ्या आईनं काढलं होतं. शांतामावशींनी नाही.