पुरवणीबाई

कायद्याच्या वाचनालयात पाऊल टाकलंत की नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, पहिलं हेच कानावर आदळतं, "पुस्तक घेतलंत ना? मागचा खिसा बघा. पुरवणी वाचल्याशिवाय उठायचं नाही!" म्हणून वकिलांच्या कारकुनांनी तिथल्या ग्रंथपाल बाईचं नाव पाडलंय पुरवणीबाई. पाठीमागे नक्कलही करतात मेले, आणि छान करतात. तिच्या कानावर जातं सगळं. ती हसत नाही.

पूर्वी हसायची हो, चांगली खिदळायची. तेव्हा तिचं नाव होतं कुलूपबाई.

त्याचं असं आहे, कायद्याच्या ज्ञानकोशाचे ते उशीएवढे खंड काही दरवर्षी नव्यानं छापत नाहीत. कायदा बदलला की पातळशी पुरवणी येते, ती खंडाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदी खिशात सरकवायची. बदललेलं सगळं तिच्यात. पण माणसं कसली वस्ताद! कुणी पुरवणीनं वारा घेतला, कुणी ती भलत्याच खंडात खोचली, एक तर सापडली डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. बाईचं डोकंच फिरलं. सगळ्या पुरवण्या काढून तिनं कपाटात कोंडल्या आणि किल्ली गळ्यात घातली. मागेल त्याला मिळेल! कारकुनांना सवय झाली. नवीन माणसाला ती पहिल्याच दिवशी बजावायची, पुरवणी माझ्याकडे मागायची. प्रत्येकाला.

एकाला सोडून.

तो वेल्डर होता. आला तो कोपरापर्यंत काळा.

"थांबा थांबा! हे हात माझ्या पुस्तकांना लावणार?"

"धुतलेत बाई. हा आता कातडीचाच रंग झालाय."

"मग कातडी घासा. नळ तिकडे."

गेला बिचारा. खसाखसा घासून आला आणि शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. "नखंपण तपासता?" बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्या हसण्यात तेवढं सांगायचं राहून गेलं. आणि दुसऱ्या खेपेला तो झाला जुनं गिऱ्हाईक. जुन्यांना कोण सांगत बसतं?

त्याची धाकटी बहीण एका लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. तिथला बॉयलर फुटला, त्यात ती गेली. मालक म्हणाला, हिनंच वाफेची झडप बंद ठेवली.

"मला भरपाई नको," वेल्डर म्हणाला. "त्यानं कोर्टात उभं राहून सांगावं, बॉयलर आधीपासून गळत होता. बास. पण वकिलापुढे मी नुसती मान डोलावतो. आधी मला कळू दे."

मग सुट्टीच्या दिवशी यायचा. हात धुवायचा. ओळीखाली बोट धरून वाचायचा, अडला की कायद्याचा शब्दकोश उघडायचा. बाईनं त्याच्यासाठी नळापाशी वेगळा टॉवेल अडकवला. "दादा, या गतीनं तुम्ही न्यायाधीश होऊनच उठणार," ती चिडवायची. तो म्हणायचा, "दावा लावायला तीन वर्षं असतात बाई, इथं लिहिलंय. निम्मी गेली, निम्मी आहेत. नीट समजून घेतो." बाई फाटकं पान चिकटवत होती. "घ्या की," म्हणाली. घाई न करणारा वाचक तिला भारी आवडायचा.

पुढे बरेच दिवस तो दिसला नाही. बाईला वाटलं, लागला दावा.

मग एका दुपारी आला.

"बाई, वकील म्हणतो मुदत संपली. तीन नाही, दोनच वर्षं. माझंच वाचण्यात चुकलं असणार. कुठं चुकलं ते तेवढं दाखवा."

बाईच्या हातातली गोंदाची कुपी कलंडली. ती उठली. गळ्यातल्या किल्लीनं कपाट उघडलं. त्या खंडाची पुरवणी काढून तिनं टेबलावर ठेवली.

तो लगेच शिवला नाही. आधी नळावर गेला, हात धुतले, पुसले. मग बसून बोट धरून वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मुदत दोन वर्षं. तो इथं पहिल्यांदा आला, त्याच्याही आधी बदललेलं.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"हे कुठं होतं?"

"कपाटात."

"का?"

"हरवू नये म्हणून."

त्यानं पुरवणीचं दुमडलेलं पान सरळ केलं. ओरडला असता तर बाईला बरं वाटलं असतं.

"मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, दादा. माझं चुकलं."

"वकील म्हणतो, आता मालकाला कुणी काही विचारणार नाही." त्यानं पुरवणी मिटली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिली. "कागदोपत्री आता झडप तिनंच बंद ठेवली."

गेला तो गेलाच.

त्या संध्याकाळी बाईनं एकेक पुरवणी आपापल्या खिशात घातली. महिना संपायच्या आत तीन गायब झाल्या. कारकून म्हणाले, "बाई, लावा पुन्हा कुलूप!" बाईनं नव्या मागवल्या. पुन्हा जातात, पुन्हा मागवते. दारातून कुणी आत आलं की हातातलं टाकून उठते आणि तेच वाक्य म्हणते, जुन्यालाही, रोजच्यालाही. पोरं खुसखुसतात.

नळापाशी टॉवेल अजून आहे. दुसऱ्या कुणाला ती त्याला हात पुसू देत नाही.