रोज अकराला बंद पडणारा एसी

“पावणं, ही बोटं बघा. दहाच्या दहा हायत. तशीच ऱ्हायला पायजेत,” विनायकनं दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले.

मी एसीच्या तक्रारीवर गेलो होतो, पण विषय बोटांचाच होता. विनायक कागल एमआयडीसीत पॉवर प्रेसवर रात्रपाळी करतो. पॉवर प्रेस म्हणजे एका दणक्यात पत्र्याला आकार देणारं मशीन. आदल्या आठवड्यात चालू प्रेससमोर त्याला डुलकी लागली. शेजारच्यानं दंड धरून मागं ओढलं म्हणून निभावलं. आणखी एकदा डुलकी दिसली तर घरी बसायचं, असं सुपरवायझरनं स्पष्ट सांगितलं होतं.

आपली रात्र संपते तेव्हा त्याची सुरू होते. सकाळी नऊला झोपायचं, चारला उठायचं. उन्हाळ्यात ते जमेना म्हणून त्यानं खोलीत एसी बसवला. दोन तास झकास झोप लागायची, आणि अकराच्या सुमाराला घामानं जाग यायची. एसीतून वारा चालू, गारवा गायब.

माझ्याआधी तिघं येऊन गेले होते. एकानं फिल्टर धुतला. दुसऱ्यानं गॅस भरला. आमच्या धंद्यात काही कळलं नाही की गॅस भरतात. तिसऱ्यानं व्होल्टेजला शिव्या घालून काढता पाय घेतला. मीही संध्याकाळी सहाला सगळं तपासलं. गॅसचं प्रेशर बरोबर, करंट बरोबर, वीस मिनिटांत खोली गार. विनायकच्या आई, आक्का, चहा घेऊन आल्या. घर लख्ख आवरलेलं होतं.

राजारामपुरीतल्या आमच्या सर्व्हिस सेंटरच्या मालकांना फोन केला.

“कॉम्प्रेसर बदलून टाक. विषय संपव,” ते म्हणाले.

कॉम्प्रेसर म्हणजे एसीचं काळीज. बाहेरच्या पेटीत, म्हणजे आउटडोअरमध्ये, ते असतं.

“साहेब, धडधाकट माणसाचं काळीज मी बदलणार नाही. उद्याचा दिवस द्या.”

“आणि उद्या न्हाय सापडलं तर?”

“सापडणार.”

वीस वर्षं हेच काम करतोय. मशीन बिघडतं ते घड्याळ बघून बिघडत नाही. रोज अकराला बंद पडतंय म्हणजे अकराला कोणाचा तरी हात लागतोय, एवढं मला कळत होतं. कोणाचा, ते बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन न करता साडेदहाला गेलो. बेल वाजवली नाही, विनायक झोपलेला. घराला वळसा घालून थेट परड्यात शिरलो, कारण आउटडोअर तिथंच मागच्या भिंतीशी होता. पहिली शिंक आली, मग चार ओळीनं आल्या. बघतो तर आउटडोअरच्या तोंडाशी दोन सुपं भरून लाल मिरच्या. वर एक जुनी साडी, पेटीला चारी बाजूंनी तंबूसारखी गुंडाळलेली. शेजारी आक्का मिरच्या हलवत बसलेल्या.

“आक्का, हे काय?”

“चटणीच्या मिरच्या की. सकाळची कामं आटापली की हितं मांडतो. वळवाचं आभाळ येतंय, उनाचा काय भरवसा? ह्या पेटीतनं लई गरम वारं येतंय. फुकट जातंय नव्हं ते? दोन दिसात मिरची कडक!”

“आणि साडी?”

“वाऱ्यानं मिरच्या उडत्यात.”

“मग काल संध्याकाळी हे काही नव्हतं?”

“पावणं येनार म्हटल्यावर पसारा आवराया नको व्हय?”

चौघं मेकॅनिक, चौघंही फोन करून आलो, आणि चारही वेळा आक्कांनी पुरावा उचलून आत ठेवला!

मी त्यांना समजावलं. खोलीतली उष्णता या पेटीतून बाहेर फेकली जाते. तिचं तोंड बांधलं की तीच गरम हवा परत आत फिरते, कॉम्प्रेसर तापतो, आणि जळू नये म्हणून आपणहून बंद होतो. आतला पंखा तेवढा फिरत राहतो. बोलता बोलता खट् आवाज झाला आणि कॉम्प्रेसर थांबला. अकराला पाच कमी होते. मी साडी सोडली, सुपं बाजूला केली.

आक्का उठल्याच नाहीत. “म्हंजी माझ्या लेकाची झोप मीच मोडली व्हय? त्याच्याच डब्याला लागती म्हनून चटणी...” खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. बिघाड सापडला की मला आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही.

पेटी निवली आणि अर्ध्या तासानं कॉम्प्रेसर परत सुरू झाला. विनायक घाम पुसत बाहेर आला तेव्हा त्याचीही हजेरी घेतली. पठ्ठ्या सोळावर एसी लावून वर दोन वाकळा घेत होता. मी सव्वीसवर लावला, छताचा पंखा हळू ठेवला, खिडकीला जाड पडदा लावायला सांगितला. झोपेला एवढा गारवा पुरतो, आणि मशीनलाही दम लागत नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. सलग सात तास झोपला होता. प्रेसवर अजून आहे, बोटं दहाच आहेत.

मालकांनी विचारलं, “रिपोर्टमध्ये फॉल्ट काय लिहू?” मी म्हटलं, “लिहा, आउटडोअरसमोरचा अडथळा काढला.” आक्कांचं नाव कागदावर यायचं कारण नव्हतं.

तेव्हापासून एक नियम केलाय. तक्रार ज्या वेळेची, त्याच वेळेला जायचं, आणि येतोय म्हणून कळवायचं नाही.

परवा त्या गल्लीत दुसरं काम होतं. शेजारीण आउटडोअरवर टॉवेल वाळत घालत होती आणि आक्का तिला झापत होत्या. एरवी त्यांचा आवाज चार घरं ऐकतात. त्या दिवशी कुजबुजत झापत होत्या. आत लेक झोपला होता.