पांढऱ्या डागाचा वैरी

आमच्या काकांचा जगात एकच वैरी: पांढरा डाग. नळाच्या तोंडाशी, किटलीच्या तळाशी क्षाराचं पुट दिसलं, की हे लिंबाची फोड घेऊन हजर. पाहुणा चहाची वाट बघतोय आणि यजमान किटली घासतोय, हे आमच्याकडे नेहमीचंच. जित्याची खोड!

अशा माणसाला धातूंच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, हे धातूंचं नशीब. काकू मुतखड्यांनी बेजार. तिच्या मूत्रपिंडातून खाली एक बारीक नळी घातलेली. नळीवर आधी जंतू घर करायचे, मग क्षार बसायचे, आणि दर काही महिन्यांनी डॉक्टर ती गच्च झालेली नळी ओढून नवी घालायचे. "माझी किटली झालीय," काकू म्हणायची. पण ही किटली काकांना घासता येईना. म्हणून त्यांनी पोलादात तांबं मिसळलं. तांब्यापुढे जंतू टिकत नाहीत, आणि जंतूच नसले तर क्षार तितके बसत नाहीत.

साध्या पोलादाची एक तार आणि नव्या मिश्रधातूची एक, दोन्ही लघवीच्या बरण्यांत बुडवल्या. मुदतीनंतर तांब्याची तार लख्ख! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. मोठ्या माणसांना एका वेळी एकच तार दिसते.

घरी काकूनं विचारलं, "आणि साधी तार?"

"तीही लख्ख."

"मग तुमच्या तांब्यानं काय दिवे लावले?"

काकांनी हात पाठीमागे घेतले. तारा नुसत्या पाण्यातून काढून, किती क्षार बसलाय ते बघायला वजन करायचं असतं. यांना पांढरं दिसलं आणि हात आपसूक चालले. दोन्ही पुसल्या, पक्षपात त्यांच्या स्वभावात नाही.

"कुणाला कळणार आहे?" ते पुटपुटले. "नवी नळी पहिल्यांदा तुलाच बसेल."

"आणि माझ्यामागून ज्यांना बसेल, त्यांची घासायला आत कोण जाणार? तुम्ही?"

काकांनी दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. फोटो भिंतीवरून उतरले, बरण्या पुन्हा भरल्या, आणि काकू जुन्याच प्रकारच्या नळीसाठी पुन्हा इस्पितळात गेली. काका बाहेरच्या बाकावर ढसाढसा रडले. त्यांच्या हातांपायी काकूला पुन्हा भोगावं लागलं म्हणून मला त्यांचा राग आला होता; तो तिथेच विरघळला.

ती घरी आली तेव्हा किटली आतून पांढरीफटक होती. काका त्या किटलीसमोर हात काखेत दाबून न घासण्याचा सराव करत होते म्हणे! काकूनं तिच्यातलाच चहा ओतला. कपात एक खपली तरंगली. काकांचा हात पुढे आला.

"हात मागे," काकू म्हणाली, आणि दुखरी कूस दाबून धरत ती चहा खपलीसकट प्यायली.